वांद्र्याहून तिरानाला

25 एप्रिल 1993 रोजी पोप जॉन पॉल दुसरे अल्बेनियात आले आणि श्कोडर शहराच्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी चौघांना बिशपपदाची दीक्षा दिली. या कॅथेड्रलचं कम्युनिस्ट सरकारने क्रीडागृह करून टाकलं होतं. चौघांपैकी फ्रानो इलिया यांना 1968 मध्ये देहदंडाची शिक्षा झाली होती. ती पुढे 25 वर्षांच्या कैदेवर आली. झेफ सिमोनीही तुरुंग भोगून आलेले. रॉबर्ट अश्ता फ्रान्सिस्कन संघाचे, तर रोक मिर्दिता जन्माने मॉन्टेनेग्रोचे आणि न्यूयॉर्कमधल्या अल्बेनियन कॅथलिकांचे धर्मगुरू. त्या वेळी राजधानी तिरानामध्ये पोपचे राजदूत होते आपल्या वांद्र्याचे आर्चबिशप आयव्हन डायस.

व्हॅटिकनची मुत्सद्देगिरी हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. या विषयावरची पुस्तकं करार, मध्यस्थी आणि पोपचे दौरे यांनीच भरलेली असतात. माझं मत वेगळं आहे. पोपच्या राजदूताचं, म्हणजे नुन्सिओचं, सगळ्यात दूरगामी काम माणसं निवडण्याचं असतं. तो सरकारदरबारी पोपचा प्रतिनिधी असतो, तसाच त्या देशातल्या चर्चमध्येही असतो. बिशपची जागा रिकामी झाली की तो धर्मगुरूंना, आजूबाजूच्या बिशपांना आणि जाणत्या प्रापंचिकांना गुप्तपणे विचारतो, तीन नावं काढतो आणि स्वतःच्या अभिप्रायासह रोमला पाठवतो. शेवटचा शब्द पोपचा. पण पोपच्या टेबलावर कोणती नावं पोचतात, हे बहुतेक वेळा या माणसाच्या पारखीवर अवलंबून असतं.

बिशप कोण नेमणार, या प्रश्नावर मुंबईनेही बराच काळ सोसलं आहे. व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यातल्या 1928 च्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असं ठरलं होतं. या मातीतल्या माणसाला त्यात जागाच नव्हती. इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स स्वतःहून बाजूला झाले, 1950 मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले. वसई-मुंबईच्या जुन्या घरांत याच्या आठवणी अजून निघतात.

डायस यांचा जन्म 1936 चा. 1958 मध्ये मुंबईत ते धर्मगुरू झाले आणि तीन वर्षांनी रोमच्या पोंटिफिकल एक्लेसिअ‍ॅस्टिकल अकादमीत गेले. पोपचे राजदूत घडवणारी ही संस्था 1701 पासून चालते. पुढे स्कँडिनेव्हिया, इंडोनेशिया, मादागास्कर अशा नेमणुका झाल्या. मला महत्त्वाचा वाटतो तो 1973 ते 1982 हा काळ. व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयात त्यांच्याकडे सोव्हिएत संघ, पोलंड, चीन, व्हिएतनाम अशा देशांचं काम होतं. कम्युनिस्ट सरकारांशी बोलणी करण्याचं व्हॅटिकनचे मुत्सद्दी अगोस्तिनो कासारोली यांचं धोरण तेव्हा ऐन भरात होतं. हे धोरण म्हणजे शरणागती, असं म्हणणारे चर्चमध्येही खूप होते. मला ते पटत नाही. बिशप नसेल तर नवे धर्मगुरू होत नाहीत, धर्मगुरू नसतील तर मिस्सा नाही, आणि दोन पिढ्यांत सगळं संपतं. त्या तडजोडींमागे हा साधा हिशेब होता.

1982 मध्ये डायस आर्चबिशप झाले ते कुठल्या नांदत्या धर्मप्रांताचे नव्हे. राजदूताला त्या दर्जाचं पद द्यायचं म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या एका लोप पावलेल्या धर्मप्रांताचं नाव त्यांना मिळालं. घाना, टोगो आणि बेनिन हे तीन देश त्यांच्याकडे आले. 1987 च्या जूनमध्ये नेमणूक झाली दक्षिण कोरियात. लष्करी राजवटीविरुद्धचं आंदोलन तेव्हा शिगेला होतं आणि सोलच्या म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये विद्यार्थ्यांनी आसरा घेतला होता.

आणि मग अल्बेनिया. तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होक्सा याने 1967 मध्ये हा देश निधर्मी नव्हे, तर धर्मच नसलेला असल्याचं जाहीर केलं. मशिदी आणि चर्च मिळून 2,000 हून अधिक प्रार्थनास्थळं बंद झाली. 1976 च्या राज्यघटनेत राज्य कोणताही धर्म मानत नाही, असं कलम आलं. एका मुलाला बाप्तिस्मा दिला म्हणून श्त्येफेन कुर्ती या धर्मगुरूला गोळ्या घातल्या गेल्या. मदर तेरेसांची आई आणि बहीण तिरानामध्येच वारल्या. त्यांना भेटायला जाण्याची परवानगी मदरना शेवटपर्यंत मिळाली नाही. कासारोलींचा मार्गही इथे खुंटला होता, कारण बोलायला समोर कुणी तयारच नव्हतं.

सप्टेंबर 1991 मध्ये राजनैतिक संबंध जुळले आणि ऑक्टोबरमध्ये डायस यांची नेमणूक झाली. आता विचार करा. नेहमीची पद्धत इथे चालवायची कशी? सल्ला द्यायला बिशप जवळजवळ नाहीतच, धर्मगुरू घडवणारी सेमिनरी नाही. धर्मगुरू मोजके, तेही म्हातारे, छळछावण्यांतून परतलेले. विश्वास ठेवायचा कुणावर आणि जबाबदारी द्यायची कुणावर, दोन्ही प्रश्न अवघड. त्या चार नावांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते यासाठी. तुरुंगातून आलेल्यांना लोकांच्या मनात स्थान होतं, पण जगाशी त्यांचा संबंध कित्येक वर्षं तुटलेला होता. मिर्दितांना बाहेरचं जग ठाऊक होतं, पण छळाची ती वर्षं त्यांच्या वाट्याला आली नव्हती. दोन्हींची सांगड घातली गेली: श्कोडरची गादी इलियांना, तिराना-दुर्रेसची मिर्दितांना. दक्षिण अल्बेनियासाठी माणूस नव्हता, तेव्हा 1992 पासून तिथला कारभार राजदूतालाच पाहावा लागला. राजदूताने दूतावासाबरोबर धर्मप्रांतही चालवावा, असं क्वचितच घडतं.

नोव्हेंबर 1996 मध्ये डायस मुंबईचे आर्चबिशप म्हणून नेमले गेले, 2001 मध्ये कार्डिनल झाले, 2006 मध्ये पुन्हा रोमला गेले आणि 2017 मध्ये तिथेच वारले. मुंबईत ते लक्षात राहिले ते सिद्धांताला चिकटून राहणारे, कडक कार्डिनल म्हणून, आणि त्यांच्या मतांवर टीकाही झाली. ती टीका मी खोडून काढणार नाही. पण अल्बेनियातल्या पाच वर्षांची दखल घेतल्याशिवाय या माणसाचं मोजमाप होऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

अडचण कागदपत्रांची आहे. पोप पायस बारावे यांच्या, म्हणजे 1958 पर्यंतच्या काळाची व्हॅटिकनची दप्तरं 2020 मध्ये खुली झाली. या गतीने तिरानाचे अहवाल माझ्या हयातीत वाचायला मिळणार नाहीत. म्हणून एक विनंती. वांद्रे, वसई किंवा गोव्यात कुणाकडे डायस यांची त्या वर्षांतली पत्रं, छायाचित्रं असतील, किंवा अल्बेनियात सेवा केलेल्या एखाद्या सिस्टरची वही असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. जवळच्या ग्रंथालयात द्या आणि पाकिटावर नाव, गाव आणि वर्ष तेवढं लिहा.