दाब किती हवा?

लोखंडाचं आणि अतिसंवाहकतेचं वाकडं, असंच बरीच वर्षं मानलं जाई. लोखंडाचं चुंबकत्व आड येतं ना! पण २००८ साली लोह आणि सेलेनियमच्या साध्या संयुगातून उणे २६५ अंश सेल्सियसला वीज विनाअडथळा वाहिली. पुढच्याच वर्षी हवेच्या सुमारे नव्वद हजार पट दाबाखाली तेच उणे २३६ अंशांना जमलं. म्हणजे २९ अंशांची बढती! दाबाने अणू जवळ येतात, इलेक्ट्रॉनांचं वागणं बदलतं. मात्र त्याहून जास्त दाबलं, की स्फटिकाची रचनाच बदलते आणि तो गुण जातो.

कोपरीत मुलांना शिकवताना हेच पाहिलं. थोड्या दाबाने मूल फुलतं, जास्त झाला की गप्प होतं. संयुगाचा आकडा मोजता येतो. मुलाचा ओळखावा लागतो.