हाडाला लागणारा वेळ

१० जून २०२४

आज आईला घेऊन साताऱ्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. खालची कवळी बोलताना उचलते, चावताना सरकते आणि हिरडीला घासून जखम करते, ही तक्रार जुनीच. यंदा वजन उतरलं, तेव्हा मी हट्टच धरला. गेल्या काही वर्षांत भाकरी, शेंगदाणे, काकडी, पेरू असं एकेक तिच्या ताटातून गेलं. उरला मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं. 'वयानं होतंच गं,' असं ती म्हणते आणि घरातले आम्ही सगळे ते मान्य करत आलो.

डॉक्टर मॅडमनी आधी तोंड नीट तपासलं, मग आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार असतो, लाळेच्या पातळ थराने ती घट्ट धरून राहते. खाली टाळू नाही. मध्ये जीभ, बाजूंना गाल आणि ओठ, सगळं सतत हलणारं. ज्या हाडाच्या कडेवर कवळी बसवायची, ती कडच आईच्या जबड्यात झिजून सपाट झालेली आहे. नवी कवळी केली तरी काही दिवसांनी हाच त्रास.

दुसरा मार्ग म्हणजे खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लान्ट, म्हणजे हाडात बसणारे धातूचे स्क्रू, बसवायचे आणि त्यांवर कवळी अडकवायची. तिसरा, चार किंवा अधिक इम्प्लान्टवर न निघणारे पक्के दात. खर्च आणि आईचं वय पाहता मॅडमचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता. २००२ साली कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात या विषयातली तज्ज्ञ मंडळी जमली होती. एकही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लान्टवरची कवळी हीच पहिली निवड मानावी, असं त्यांनी तेव्हा मांडलं होतं.

आईने एकच विचारलं, "भाकरी खाता येईल का?"

"येईल आजी. पण आधी हाड किती शिल्लक आहे ते बघू."

१४ जून

स्कॅन झाला. साध्या मोठ्या एक्स-रेत जबड्याची उंची दिसते, जाडी दिसत नाही; म्हणून सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन. मॅडमनी संगणकावर आईचा जबडा फिरवून फिरवून दाखवला.

खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना ती छिद्रातून बाहेर पडून ओठाकडे जाते. तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, म्हणून इम्प्लान्टचं टोक आणि नस यांच्यात किमान २ मिलिमीटर अंतर ठेवतात. आईच्या दाढांच्या जागी नसेच्या वर जेमतेम हाड उरलं आहे. दोन छिद्रांच्या मधल्या भागात मात्र नसेची तशी भीती नाही आणि हाडही चांगलं दाट आहे. दोन्ही इम्प्लान्ट पुढेच का, ते तिथे डोळ्यांनी दिसलं.

हाड गेलं कुठे, हे मी विचारलं. दाताचं मूळ हाडात असतं तोवर चावण्याचा दाब त्या हाडापर्यंत पोहोचत राहतो आणि त्या कामावर ते टिकतं. दात काढला की ते काम संपतं आणि शरीर तिथलं हाड हळूहळू शोषून घेतं. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते, आणि त्यातला मोठा हिस्सा पहिल्या तीन महिन्यांतच जातो.

आमच्याकडे दात दुखला की काढायचा आणि विषय मिटवायचा, अशीच रीत आहे. गेलेला दात दिसतो, त्याच्यामागे जाणारं हाड कुणाला दिसत नाही. आईचे दात निघाले तेव्हा तिला हे कुणी सांगितलं असतं, तर काहीतरी वेगळं करता आलं असतं.

२० जून

हे तंत्र आलं कुठून, ते दोन दिवस वाचते आहे.

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क हे तरुण संशोधक हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची बारीक दर्शिका बसवली होती आणि तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने जिवंत हाड पाहत होते. प्रयोग संपल्यावर ती दर्शिका निघेना. हाड धातूला थेट येऊन भिडलं होतं.

त्याआधीही जबड्यात तऱ्हेतऱ्हेचे धातू बसवून पाहिले गेले होते. बहुतेक वेळा शरीर त्या धातूभोवती मऊ तंतूंचं आवरण तयार करायचं आणि दात हलू लागायचा. टायटॅनियमचं वेगळेपण त्याच्या पृष्ठभागात आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, टिकाऊ थर धरतो. शरीर त्या थराला परकं मानून दूर ठेवत नाही, हाडाच्या पेशी थेट त्यावर नवं हाड रचतात.

१९६५ साली गॉथेनबर्गमध्ये ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लान्ट बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होतं आणि खाली दात नव्हते. ते इम्प्लान्ट २००६ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, चालले. तरीही दंतवैद्यकाच्या जगाने हे सहजी स्वीकारलं नाही. १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या गेल्या, तेव्हा कुठे जगभर विश्वास बसला.

सशाच्या हाडापासून टोरांटोपर्यंत तीस वर्षं गेली. एवढा काळ रुग्णांच्या नोंदी ठेवत राहणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटला.

२८ जून

आज नुसती प्रश्नांची फेरी. साखर किती? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन कधी घेतलंय का? या शेवटच्या प्रश्नाचं मला नवल वाटलं. त्या गटातली काही औषधं हाडाची झीज थांबवतात खरी, पण त्यांच्यामुळे हाडाची स्वतःची डागडुजीही मंदावते. मग जबड्यावर शस्त्रक्रिया झाली तर जखम भरायला अडचण येऊ शकते. डोक्या-मानेच्या भागाला किरणोपचार झाले असतील तरीही फार जपावं लागतं. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी मॅडम स्वतः बोलतात.

आईची साखर आटोक्यात आहे. अडलं ते मिश्रीपाशी. सासरी आल्यापासून तिची मिश्री आहे. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी पोहोचतं, हाड जुळायला अडथळा येतो. मॅडमनी दरडावलं नाही. त्या म्हणाल्या, "आजी, मी स्क्रू बसवीन. तो धरून ठेवायचं काम तुमच्या हाडाचं. त्याला रक्त मिळू दे."

घरी आल्यावर आईने मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. अवघड जातंय तिला, सकाळी तर फारच. तिच्या या निश्चयाला आम्ही सगळ्यांनी साथ द्यायला हवी.

९ जुलै

आज शस्त्रक्रिया झाली. फक्त जागा बधिर केली होती, आई पूर्ण जागी होती. मला दाराशी बसू दिलं.

हिरडी थोडी उघडून हाडात आधी बारीक छिद्र, मग पायरीपायरीने मोठं. ड्रिल सावकाश चालतं आणि सोबत सलाइनची थंड धार सुरू असते, कारण हाडाला उष्णता सोसत नाही. ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर जरी तापलं तरी तिथल्या पेशी मरू लागतात आणि मेलेलं हाड धातूला धरत नाही. त्यात कुणी घाई करून चालत नाही, हे बघताना कळत होतं.

मग दोन्ही टायटॅनियमचे स्क्रू किती जोराने बसतात ते पान्यावर मोजत घट्ट केले. वर छोटी झाकणं, हिरडीला टाके. ड्रिल चालताना जबडा थरथरल्यासारखा वाटला, दुखलं मात्र नाही, असं आई म्हणाली. संध्याकाळी गालावर सूज आली. बर्फ, गोळ्या आणि गार पेज.

१६ जुलै

टाके काढले. उद्या आषाढी, साबुदाण्याची खिचडी मऊ करून चालेल, अशी परवानगी मिळाली.

जुनी कवळी आतून कोरून, मऊ अस्तर लावून दिली आहे, म्हणजे स्क्रूंवर दाब पडणार नाही. आई विचारते, "घट्ट बसलेत ना, मग थांबायचं कशाला?" मॅडमनी समजावलं. आज ते घट्ट आहेत ते निव्वळ आट्यांच्या पकडीने. पुढच्या काही आठवड्यांत स्क्रूलगतचं जुनं हाड थोडं विरघळतं आणि त्या जागी नवं तयार होत जातं. जुनी पकड सैल होते आणि नवी पुरती आलेली नसते, असा मधला काळ नाजूक असतो. तेव्हा स्क्रू हलत राहिला तर हाडाऐवजी मऊ तंतू वाढतात. म्हणून खालच्या जबड्याला साधारण तीन महिने. वरचं हाड विरळ, त्याला बरेचदा त्याहून जास्त.

२२ ऑगस्ट

शेजारचे भाऊ आज सल्ला विचारायला आले. खालची एक दाढ काढली आहे. शहरात 'एका दिवसात पक्के दात' अशी जाहिरात त्यांनी वाचली. मॅडमकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं. त्याच दिवशी दात लावता येतात, पण हाड दाट असेल, स्क्रू पुरेशा जोराने बसला असेल आणि चावण्याचा भार नीट वाटला जात असेल तरच. ते ज्याच्या त्याच्या हाडावर ठरतं. जाहिरातीवरून ठरवू नये.

भाऊंना ब्रिजही सुचवला आहे. त्यात शेजारचे दोन दात घासून त्यांवर टोप्या बसवतात आणि मधला दात त्यांच्या आधाराने राहतो. शेजारचे दात धडधाकट असतील तर ते घासण्यापेक्षा इम्प्लान्ट बरा. त्यांना आधीच कॅप लागणार असेल तर ब्रिज शहाणपणाचा ठरतो.

मग पैशांचं निघालं. एका इम्प्लान्टला दातासकट वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत सांगतात. बहुतेक आरोग्यविम्यांत हा खर्च धरत नाहीत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात उपचार होतात, तिथे चौकशी करा म्हटलं. पण खेड्यातल्या म्हातारीने तिथवर खेपा किती घालाव्यात? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपण गावोगावच्या शिबिरांतून गरिबांपर्यंत नेली, कारण दिसणं ही गरज आहे हे सगळ्यांनी मानलं. चावता येणं हीही गरज आहे. ज्याला डाळ-भाताशिवाय काही खाता येत नाही त्याचं अंग खंगतं, चारचौघांत जेवायला बसायची त्याला लाज वाटते. निदान दोन इम्प्लान्टवरची कवळी तरी सरकारी योजनेतून मिळायला हवी.

१६ ऑक्टोबर

एक्स-रे चांगला आला. स्क्रूंच्या कडेने हाड दाट दिसतं, मध्ये काळी रेघ नाही. हिरडीतून वर येणारे छोटे खुंट जोडले आणि नव्या कवळीच्या आत त्यांच्या जोडीच्या कड्या बसवल्या. कवळी दाबली की टिचबटणासारखी टक्कन बसते आणि रात्री हाताने काढता येते.

आईने आरशात पाहिलं नाही. आधी जीभ फिरवली, मग माझ्याशी बोलून बघितलं. नेहमी बोलताना हनुवटीकडे जाणारा तिचा हात आज मांडीवरच होता.

५ नोव्हेंबर

दिवाळीत आईने चकली खाल्ली, कडबोळंही खाल्लं. त्याच वेळी मॅडमनी दिलेली ताकीदही घरात सगळ्यांना पाठ झाली आहे.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते. तिच्यामुळे खडा लागला की आपण क्षणात थांबतो. इम्प्लान्टला ती गादी नाही, त्यामुळे जोर किती पडतो हे तितकं कळत नाही. हिरडीही त्याला खऱ्या दाताइतकी घट्ट धरत नाही. कडेला अन्नाचा थर साचला की सूज, रक्त, आणि दुर्लक्ष केलं तर आतलं हाड झिजायला सुरुवात. दुखत नाही म्हणून ते उशिरा कळतं. इम्प्लान्टला कीड लागत नाही हे खरं, म्हणून तो बसवला की विसरून जावं असं मात्र नाही. चांगली निगा असेल तर दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदाहून अधिक इम्प्लान्ट टिकलेले आढळतात. आई रोज मऊ ब्रशने खुंट साफ करते. कवळीतल्या कड्यांची रबरं झिजतील तशी बदलायची आणि दर सहा महिन्यांनी तपासणी.

१२ जानेवारी २०२५

बार्शीहून मावशीचा फोन आला. "तुझ्या आईसारखं मलाही करून दे," म्हणाली. तिची साखर सारखी वाढलेली असते. आधी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करू, साखर खाली आणू, मग स्कॅन, असं ठरवलं. वयाची अडचण नाही हे तिला निक्षून सांगितलं. अडचण येते ती न सावरलेल्या मधुमेहाची, तंबाखूची आणि अस्वच्छतेची, आणि या तिन्हींवर उपाय आहे. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, त्यामुळे पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तरी घाबरायचं नाही. फक्त आधी सांगायचं.

डॉक्टरांना काय विचारायचं तेही तिला लिहून पाठवलं. माझं हाड किती आणि कसं आहे? कुठल्या बनावटीचा इम्प्लान्ट, आणि त्याचं कार्ड मिळेल का? दात लावायला किती महिने, आणि का? सांगितलेल्या खर्चात काय काय धरलं आहे? नंतरची तपासणी कोण करणार?

तिच्या सुनेची एक दाढ पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. ते ऐकलं आणि मी फोन तिच्याकडे द्यायला सांगितला. तिला म्हटलं, दाढ काढण्याआधीच विचारून घे की त्या जागी पुढे काय बसवायचं आणि तोवर हाड कसं राखायचं. आईच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने वहीत लिहून घेतला.