तुरीचा भाव आणि दूरची बंदरे

कमलनगरच्या आमच्या पिढीने ‘करोडगिरी’ हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकला. निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणारे ते खाते. 1948 साली संस्थान विलीन झाले, 1956 साली बीदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि 2017 साली वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाकेही उठले. आज इकडची तूर उदगीरच्या अडतीवर नेताना राज्य ओलांडल्याची जाणीवही होत नाही. तिचा भाव मात्र आता फार दूरच्या सीमेवर ठरतो.

2015 साली तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि कित्येक घरांतले वरण पातळ झाले. 2016 च्या जुलैत सरकारने मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार केला. इकडे चढ्या भावाच्या आशेने तुरीचा पेरा वाढला, पाऊसही बरा झाला. आणि राशी झाल्या तेव्हा क्विंटलला 5050 रुपयांचा हमीभावही खुल्या बाजारात मिळेना. आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा आली ती ऑगस्ट 2017 मध्ये. तोवर गरजवंताची तूर विकली गेली होती. त्या मर्यादेने आमच्या भरवशावर पेरणी केलेला मोझांबिकचा शेतकरीही अडचणीत आला. पुढे मे 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली.

आयात सरसकट बंद करा, असे म्हणायला मन धजत नाही. हैदराबाद-बंगळूरला पगारावर संसार चालवणारी आपलीच मुलेबाळे डाळ विकत घेतात. एकाच कुटुंबात थोरला तूर विकतो आणि धाकटा ती विकत घेतो. कुणाची बाजू घ्यावी?

परंतु मृगात पेरलेली तूर पौषात घरी येते, आणि आयातीचा हुकूम एका दिवसात बदलतो. खरी व्यथा या अंतरात आहे. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ या म्हणीला आपण हसतो. पण सोसायटीचे कर्ज आणि मुलीची फी शेतकऱ्याला हाती न आलेल्या तुरीवरच मोजावी लागते. जकात किती असावी, याचा वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा. ती पेरणीपूर्वी जाहीर व्हावी आणि रास होईपर्यंत बदलू नये, एवढे झाले तरी थोरल्याला काय पेरावे हे ठरवता येईल.