रिम किती वाकावी

माउंटन बाइकच्या रिमचा टिकाऊपणा बहुधा धातूच्या कडकपणाशी जोडला जातो आणि जी रिम वाकत नाही तीच मजबूत असे गृहीत धरले जाते. खडकाळ उतारांवरून वेगाने उतरणाऱ्या सायकलींची चाके जे कारागीर वर्षानुवर्षे बांधतात आणि दुरुस्त करतात, त्यांचा अनुभव मात्र याच्या उलट आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चांगली रिम वाकतेच, आणि ती कुठे, किती व कोणत्या क्रमाने वाकते यावर तिचे आयुष्य ठरते. जी रिम मार बसल्यावर थोडी चेपून हवा धरून ठेवते आणि घरी आल्यावर पान्याने पुन्हा वळवता येते, ती न चेपता एकाएकी फुटणाऱ्या रिमपेक्षा कितीतरी टिकाऊ समजली पाहिजे.

अशा रिमांसाठी बहुतेक वेळा ६०६१ या क्रमांकाचा किंवा त्याच कुळातला मिश्रधातू वापरतात, ज्यात अ‍ॅल्युमिनियमबरोबर थोडे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. या धातूचा तापवलेला ठोकळा पोलादी साच्याच्या तोंडातून प्रचंड दाबाने बाहेर काढला जातो, चकलीच्या सोऱ्यातून पीठ निघावे तसा, आणि त्या तोंडाच्या नक्षीप्रमाणे आत पोकळ कप्पा असलेली लांब पट्टी तयार होते. ती गोल वळवून, कापून, टोके जोडून मग आऱ्यांची, म्हणजे स्पोकची, भोके पाडली जातात. कडकपणा येतो तो उष्णतेच्या संस्कारातून. धातू सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन गार केला आणि नंतर १६० ते १८० अंशांवर काही तास ठेवला, की मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूच्या स्फटिकांत जागोजागी साकळतात आणि स्फटिकांच्या थरांचे एकमेकांवरून सरकणे अडवतात. ही क्रिया जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये तांबे मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर प्रयोग करताना सापडली आणि त्यातूनच ड्युरालुमिन जन्माला आले. ६०६१ हा धातू या रीतीने पूर्ण कडक केल्यावर, म्हणजे टी-६ या अवस्थेत, सुमारे २७५ मेगापास्कल ताणापर्यंत पूर्ववत होतो, त्यापुढे कायमचा वाकतो आणि ३१० मेगापास्कलच्या आसपास तुटू लागतो. पण तुटण्याआधी तो शेकडा दहा-बारा इतका लांबतो, आणि कारागिराच्या दृष्टीने हा शेवटचा आकडा पहिल्या दोहोंइतकाच मोलाचा आहे. जस्त मिसळलेले ७००० मालिकेतील मिश्रधातू याहून पुष्कळ कडक असतात, परंतु सतत ताणाखाली आणि ओलाव्यात त्यांना तडे जाण्याची प्रवृत्ती अधिक असते, हे निव्वळ सामर्थ्याच्या तक्त्यावरून रिम निवडणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची रिम सायकलीला नवी नाही. १९३४ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत आंतोनँ माञ याच्या ड्युरालुमिनच्या रिमा लाकडासारख्या रंगवून लपवल्या होत्या, असे माविक ही फ्रेंच कंपनी अभिमानाने सांगत आली आहे. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७६ पासून रीपॅक नावाच्या उतारावर ज्या जुन्या, जाड टायरच्या सायकली पळवल्या गेल्या आणि ज्यांतून माउंटन बाइकचा खेळ उभा राहिला, त्यांना मात्र जड पोलादी रिमा होत्या. पुढे अ‍ॅल्युमिनियम आले तरी कित्येक वर्षे ब्रेकचे रबर रिमच्याच भिंतीवर घासत असल्यामुळे चिखलात ती भिंत झिजून पातळ होई, आणि रिम किंचित जरी डोलली तरी ब्रेक अडखळे. डिस्क ब्रेकने ब्रेकचे काम हबजवळच्या चकतीकडे नेले आणि रिमला एक मोठी मोकळीक मिळाली, ती ही की तिने अगदी सरळ असण्याची गरज उरली नाही.

रिमवर येणारा पहिला भार रस्त्याचा नसतो, तो चाक बांधणाऱ्याच्या हातून येतो. बत्तीस आऱ्यांच्या चाकात प्रत्येक आरा साधारण ११० किलोच्या ताणाने ओढलेला धरला, तर रिम सर्व बाजूंनी आत खेचली जाते आणि तिच्या कोणत्याही छेदावर सुमारे ५६० किलोचा दाब सायकल भिंतीला टेकून उभी असतानाही कायम असतो. मध्यम वजनाच्या रिमच्या छेदाचे क्षेत्रफळ विचारात घेता हा दाब ५० मेगापास्कलच्या आसपास भरतो, म्हणजे धातूच्या मर्यादेचा जवळजवळ पाचवा हिस्सा चाक फिरण्याआधीच खर्च झालेला असतो. हा ताण वाया जात नाही, कारण तारेचा आरा फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, आणि चाकावर वजन आले की जमिनीलगतच्या आऱ्यांचा ताण त्या वजनाच्या प्रमाणात कमी होतो, एवढेच घडते. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हे गणिताने मांडून दाखवले. ताण मुळातच कमी असेल, तर मोठ्या आदळण्यात तळचे आरे क्षणभर पूर्ण सैल पडतात, रिमला बाजूचा आधार उरत नाही, आणि उडी थोडी तिरकी पडली की धडधाकट रिमसुद्धा पिळवटून निकामी होते. अशा वेळी दोष रिमला दिला जातो. तो बहुधा बांधणीचा असतो.

खरा मार मागच्या चाकाला बसतो. पुढच्या चाकाला फोर्कचा आणि स्वाराच्या हातांचा आधार असतो, स्वार ते उचलून दगडावरून नेतो. मागचे चाक त्याच दगडावर स्वाराच्या वजनासकट जाऊन आपटते. हल्ली आतून ३० मिलिमीटर रुंदीच्या रिमा सर्रास वापरल्या जातात, त्यांवर रुंद टायर दीड ते पावणेदोन बारच्या हवेवर चालवतात, आणि पकड वाढते हे खरेच. पण हवा जितकी कमी तितका टायर दगडाच्या कडेवर पूर्ण दबून रिमच्या धातूच्या कडेला दगड लागण्याची शक्यता जास्त. रुंदीने दिलेली सोय स्वार हवा काढून वापरून टाकतो आणि नंतर रिम मऊ आहे म्हणून तक्रार करतो. कडेची जाडी, तिच्या माथ्याचा गोलवा आणि कडेखालच्या भिंतीची बांधणी यांकडे म्हणूनच वजनापेक्षा अधिक लक्ष द्यावे. २९ इंची चाकाची कठीण वापराची रिम साधारण ५०० ते ६५० ग्रॅम भरते. मागे यातल्या वरच्या टोकाची आणि पुढे हलकी, ही जुन्या कारागिरांची निवड आजही योग्य ठरते.

चेपलेली कड पुन्हा वळवणे हे काम दिसायला ओबडधोबड, पण नजरेचे आहे. टायर काढून आतली टेप आणि साठलेले सीलंट पुसून घेतल्यावर पोच्याच्या दोन्ही बाजूंनी नख फिरवावे लागते. नख अडकले तर तो ओरखडा आहे की तडा, हे भिंगाखाली पाहून ठरवल्याशिवाय पाना लावू नये. अ‍ॅनोडायझिंगचा रंगीत थर ठिसूळ असल्यामुळे तो पोच्यावर बारीक रेघांनी चिरलेला दिसतोच, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. रेघ धातूत उतरली आहे काय, एवढाच प्रश्न. मग कडेवर कापडाची घडी ठेवून अ‍ॅडजस्टेबल पान्याचा जबडा तिला नेमका भिडवायचा आणि एकाच दमात, सावकाश, बाहेरच्या दिशेने वळवायचे. पुढे-मागे हिसके देऊन आकार आणण्याचा मोह टाळावा लागतो, कारण प्रत्येक वळणासरशी तिथला धातू अधिक कडक आणि त्याच प्रमाणात अधिक ठिसूळ होत जातो. तुटण्याआधीच्या लांबण्याची जी शिल्लक असते, ती प्रत्येक दुरुस्तीत थोडी खर्च होते. म्हणून कड पूर्वीसारखी रेखीव होईपर्यंत न थांबता टायरची कड नीट बसेल आणि हवा धरेल इतपत झाले की पाना खाली ठेवायचा. त्यानंतर टायर चढवून, हवा भरून, त्या जागी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे.

याहून अवघड प्रसंग येतो तो मार इतका खोल असतो की कडेबरोबर रिमचा अख्खा कप्पा आत दबतो तेव्हा. चाक फिरवले की त्या ठिकाणी उडी दिसते, आणि तिथले तीन-चार आरे हाताला सैल लागतात, कारण रिमच हबच्या जवळ आलेली असते. आता कारागिरापुढे दोन परस्परविरोधी गोष्टी असतात: ते आरे आवळून ताण सारखा करावा तर रिम आणखी आत ओढली जाऊन उडी वाढते, उडी कमी करण्यासाठी ते अधिक सैल करावे तर त्यांचे निपल, म्हणजे आरे रिमला आवळणाऱ्या छोट्या चाक्या, चालताना आपोआप उलगडू लागतात आणि ओझे शेजारच्या आऱ्यांवर पडून ते तुटतात. ब्रेक रिमवर असताना गोलाईला मान देणे भाग होते. डिस्क ब्रेकच्या चाकात ताणाला मान द्यावा, दोन-तीन मिलिमीटरची उडी टायरच्या पोटात लपू द्यावी, हेच शहाणपणाचे. पण दुकानात गिऱ्हाईक चाक फिरवून डोळ्याने पाहते, ताण त्याला दिसत नाही, त्यामुळे आउट, म्हणजे चाकाचे डोलणे, काढून दाखवण्याच्या नादात पुष्कळ चाके सुबक आणि कमजोर होऊन बाहेर पडतात.

चेपणे हा एका क्षणाचा अपघात असतो. दुसरा शेवट हळूहळू येतो. २९ इंची चाकाचा परीघ सुमारे २.३ मीटर असल्याने हजार किलोमीटरमध्ये ते चार लाखांहून अधिक वेळा फिरते, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक आऱ्याचा ताण एकदा उतरून पुन्हा चढतो. पोलादाला एक अशी पातळी असते जिच्याखालचा बदलता ताण ते जवळजवळ अमर्याद काळ सोसते. अ‍ॅल्युमिनियमला तशी निश्चित पातळी नसते, त्यामुळे भोकांच्या काठाशी थकव्याचे तडे पडणे हा केवळ काळाचा प्रश्न असतो. भोकाभोवतीची जाड भिंत, पूर्वी बसवत ती धातूची कडी किंवा निपलखालचे वॉशर ही वेळ लांबवतात. रिमच्या सांध्याचेही असेच: वेल्ड करताना लगतच्या पट्टीत धातूचा कडकपणा उतरतो, तो पुढील संस्कारात परत मिळवला नसेल तर ती जागा नेहमीच दुबळी राहते.

कार्बनच्या रिमा या दोन्ही गोष्टींत निराळ्या आहेत. त्या लहान माराने चेपत नाहीत आणि थकव्याला चांगल्या टिकतात, परंतु मर्यादा ओलांडली की तंतू फुटतात आणि पान्याने करण्यासारखे काही उरत नाही. धातूची असो वा कार्बनची, रिम किती सोसते याचे एक उदाहरण असे: २०१४ मध्ये ऑस्ट्रियातील लिओगांगच्या विश्वचषक शर्यतीत आरन ग्विन या डाउनहिल स्वाराचा मागचा टायर पंक्चर होऊन निघून गेला, तरी तो उघड्या रिमवर शेवटच्या रेषेपर्यंत उतरत गेला. त्या प्रसंगाचे चित्रीकरण मुख्यतः स्वाराच्या कौशल्यासाठी पाहिले जाते, पण रिमचे काम कुठपर्यंत ताणता येते हेही त्यातून दिसते.

सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्यांच्या वाट्याला बेसाल्टच्या धारदार कडा आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले धोंडे येतात. कोकणात त्यात खारी हवाही भर घालते. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या निपलांपेक्षा पितळी निपल घालावेत, थोडे वजन वाढले तरी चालेल, कारण गंजून जाम झालेला निपल पुढच्या दुरुस्तीत फिरण्याऐवजी तुटतो आणि मग ताण सारखा करण्याची सगळी विद्या निरुपयोगी ठरते. दगडांच्या मारावर मागच्या टायरात फोमचे कडे बसवणे हाही चांगला उपाय आहे, जरी त्याने टायर चढवताना बोटांचे हाल होतात.

भोकाजवळ तडा दिसला तर मात्र त्या रिमवर पुन्हा उतार उतरू नये. तीच रिम नवी मिळाली, तर जुनी सोडवण्याआधी नवी तिच्या शेजारी चिकटपट्टीने बांधून एकेक आरा इकडून तिकडे नेता येतो, हब आणि सुस्थितीतले आरे वाचतात, आणि खर्च एका रिमपुरता राहतो. आतला व्यास वेगळा असलेली रिम आणली तर सगळे आरे बदलावे लागतात. म्हणून रिम विकत घेताना वजन आणि रंग विचारण्याआधी, हीच रिम, याच मापाची आणि तितक्याच भोकांची, तीन वर्षांनी सुटी मिळेल काय, हे दुकानदाराला विचारावे.