घरासमोरचं बेट

ऑफिसातला एक मित्र हनीमूनहून परतला. ग्रीसला, सँटोरिनी बेटावर. सोमवारी लंचला अर्धी टीम त्याच्या मोबाईलवर वाकलेली. पांढरी घरं, निळे घुमट, खाली समुद्र. "आपल्याकडे कुठे रे असं बेट!" कुणीतरी उसासा टाकला. मीही टाकला. संध्याकाळी विरार फास्टमध्ये लटकताना आठवलं... च्यायला, आपल्याकडे आहे की!

मी बारा वर्षं विरारकर. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर असंख्य वेळा गेलोय. समोर समुद्रात किल्ला दिसतो, त्याच्याकडे बघत भजी खाल्लीत. पलीकडे मात्र कधीच गेलो नव्हतो. शेवटी शनिवारी गेलो.

होडीने जेमतेम दहा मिनिटं. होडीत माझ्याबरोबर गॅस सिलिंडर, भाजीच्या गोण्या आणि दप्तरं घेतलेली दोन पोरं. ओहोटी होती, त्यामुळे पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरलो. पोरं केव्हाच उडी मारून पसार!

वैतरणेच्या मुखावरचं हे बेट. पोर्तुगीज त्याला 'गाईंचं बेट' म्हणायचे. खाडीतून आत जाणाऱ्या गलबतांवर इथून नजर ठेवता येते, म्हणून ते प्रत्येकाला हवं होतं. १७३७ साली मराठ्यांनी ते घेतलं, किल्ला नव्याने बांधला. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली ती त्यानंतर, १७३९ च्या मे महिन्यात. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेत. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ, अष्टकोनी तळं आणि समुद्राच्या मधोमध असूनही गोड्या पाण्याच्या विहिरी. तटाबाहेर कालिकामातेचं देऊळ आणि कोळ्यांची वस्ती.

मी तटाचे फोटो काढत होतो. शेजारी एक मावशी दोरीवर बोंबील वाळत घालत होत्या. किल्ल्याचं सांगाल का, असं विचारल्यावर हसल्या. त्यांनी सांगितलं ते नारळी पौर्णिमेचं. सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत नेऊन दर्याला देतात, घरोघरी नारळीभात होतो. आता १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारीबंदी असते, पण नारळ दिल्याशिवाय त्यांच्या घरची होडी अजूनही निघत नाही.

मग मी सहज विचारलं, "तुमचं घर कुठलं, मावशी?"

त्यांनी बोट दाखवलं. तिथे पाणी होतं.

"तिथं होतं बाळा. आता मागं सरकलो. मुलगा म्हणतो विरारला खोली घेऊ."

"मग?"

"मग दर्याला नारळ कोण देणार?"

मला काही बोलता आलं नाही. भरतीच्या लाटांनी इथली बरीच घरं खाल्लीत. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी जुनी आहे. काळ्या दगडाचा तट पावणेतीनशे वर्षांहून जास्त उभा आहे. त्याच्या सावलीतली माणसं मात्र दर पावसाळ्यात एक पाऊल मागे सरकताहेत.

घरी येऊन सँटोरिनीबद्दल वाचलं. १९५६ च्या भूकंपात तिथलीही घरं कोसळली, कित्येक कुटुंबं बेट सोडून गेली. नंतर पर्यटन वाढलं, घरं पुन्हा पांढरी झाली. मित्राच्या फोटोत पर्यटक खूप होते. तिथे राहणारं कुणीच नव्हतं.

मी काढलेले फोटो बघितले. बुरूज, दरवाजा, तळं, पुन्हा बुरूज. एकशे चाळीस फोटो, त्यात मावशींचा एकही नाही. मीही तेच करून आलो होतो की!

असो. नारळी पौर्णिमेला रजा टाकणार आहे. या वेळी कॅमेरा घरी, नारळ बरोबर. तुमच्यापैकी कुणी येणार असाल तर सांगा. फक्त पँट दुमडायची तयारी ठेवा :)