आधी काम मोजा, मग करवत घ्या



कृषी खात्याच्या नोकरीला तीस वर्षे होत आली. या तीस वर्षांत लोकांना एक गोष्ट सतत सांगत आलो. विहिरीवर मोटार बसवायची ना? मग आधी विहिरीची खोली मोजा, पाणी किती उंच चढवायचे ते मोजा, पाइपलाइन किती लांब न्यायची ते मोजा, आणि मगच दुकानाची पायरी चढा. शेजाऱ्याने पाच हॉर्सपॉवरची घेतली म्हणून आपण साडेसातची घ्यायची, हा काही व्यवहार नव्हे. पण स्वतःच्या घरी लाकूड कापायचे यंत्र घ्यायची वेळ आली, तेव्हा हा सगळा उपदेश मी खुंटीला टांगून ठेवला. त्याची खूण माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे.

त्याचे असे झाले. आमचे गाव बार्शी तालुक्यात. घर जुने, माळवदाचे. तीन वर्षांपूर्वी पावसात मागची खोली खचली, म्हणून माळवद उतरवावे लागले. त्यातून तुळया, किलच, फळ्या असे पुष्कळ लाकूड निघाले. आजोबांच्या वेळचे सागवान ते, चुलीत घालायला जीव होईना. वहिनींना गोठ्याला दार हवे होते, कोंबड्यांना खुराडे हवे होते. आमच्या सौ.ला स्वयंपाकघरात मांडणी हवी होती. गावचे सुतारमामा नेमके लेकीकडे पुण्याला गेलेले. म्हटले, हल्ली सगळ्याला यंत्रे निघाली आहेत, आपणच करू.

बाजारात जाऊन दुकानदाराला विचारले, "लाकूड कापायला स्वस्तात काय आहे?" इथेच चुकलो. काय कापायचे, किती जाडीचे, कोण कापणार, यातले काही न सांगता मी फक्त स्वस्त मागितले. त्याने फरशी कापायचा चार इंची कटर पुढे केला आणि वर दातांचे एक पाते दिले. "गावोगाव हेच चालतं, साहेब," म्हणाला. गावोगाव चालते ही गोष्ट खरीच होती. तुमच्याही गावात कोणाकडे असेल.

रविवारी अंगणात फळी दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवली. पुतण्या नुकताच बारावी झालेला, त्याला एक टोक दाबून धरायला उभे केले. मी मधोमध कापायला लागलो. फळी निम्मी कापली गेली आणि मध्ये खचली. खाचेची तोंडे मिटली, पाते आत आवळले आणि यंत्र उसळून मागे आले. अंगठ्याला चाटून ते खाली पडले. बटण दाबून अडकवलेले होते, म्हणून जमिनीवरही ते फिरतच राहिले, पोराच्या उघड्या पावलापासून वीतभर अंतरावर. कोणीतरी धावत जाऊन वायर उपसली.

मला सहा टाके पडले. ते भरून आले. वहिनींनी हळद-दूध दिले, चौकशी केली आणि जाताना एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, पोराचा पाय होता तिथं." त्यानंतर महिनाभर त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर बरे वाटले असते.

सुतारमामा परत आले तेव्हा मी यंत्र त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले. म्हणाले, "बापू, हे फरशीचं जनावर. याला लाकडाचे दात लावले की ते पिसाळतं." मग त्यांनी कारण उलगडून सांगितले. फरशीच्या पात्याला दात नसतात, ते दगड घासत जाते. दातांचे पाते लाकडात चावते, आणि अडकले की सगळी ताकद धरणाऱ्याच्या अंगावर येते. फरशी कटरचा वेग मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. लाकडासाठी केलेल्या सात इंची गोल करवतीचा वेग साधारण पाच हजार, आणि तिच्या खालच्या बाजूला स्प्रिंगवर आपोआप मिटणारे झाकण असते. फरशी कटरला खालून तसे काहीच नाही. हातातल्या ग्राइंडरला लाकडाचे पाते लावणे तर त्याहून वाईट. मामांनी त्यापायी बोटे गेलेली माणसे पाहिली होती.

"मग कोणती घेऊ?" मी विचारले.

"आधी काय काय कापायचंय ते लिहून काढा," मामा म्हणाले.

रात्री कागद घेऊन बसलो. शेजारी सौ. शिवणयंत्रावर होती. ती म्हणाली, "अहो, मी कापड बघून सुई बदलते. मलमलीला सोळा नंबरची घातली तर भोकं पडतील." म्हटले, बी.एस्सी. मी झालो आणि अक्कल हिच्याकडे राहिली.

कागदावर बारा कामे निघाली. मांडणीच्या फळ्या आखूड करणे, मागच्या फळीला पाइपासाठी गोल भोक पाडणे, खुराड्याला कमानीची खिडकी, प्लायवूडचा पत्रा कापणे, पीव्हीसी पाइप, पातळ पत्र्याची पट्टी, असली. त्यांतली दोनच कामे जाड तुळया लांबीत चिरण्याची होती. मामा म्हणाले, "ती दोन वखारीत न्या. उरलेल्या दहांना जिगसॉ."

जिगसॉ म्हणजे खाली-वर चालणाऱ्या अरुंद पात्याची हातकरवत. तिची जन्मकथा आमच्या सौ.ला फार आवडली. १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये अल्बर्ट कॉफमन नावाच्या अभियंत्याने बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढून तिथे करवतीचे पाते बसवले, आणि त्यातून हे यंत्र निघाले असे सांगतात. पाते बदलले की लाकूड, प्लायवूड, पाइप, पातळ पत्रा सगळे कापते, वळणही घेते. साध्या यंत्रावर साधारण अडीच इंच जाडीपर्यंतचे लाकूड कापता येते. तिचा दोषही सांगतो. जाड लाकडात पाते वाकते आणि काप तिरका जातो. लांब सरळ काप हवा असेल तर फळीवर एक सरळ पट्टी शिकंज्याने आवळावी आणि तिच्या कडेने यंत्र न्यावे.

तुमच्या कागदावर वेगळी कामे निघाली तर यंत्रही वेगळे. फळ्या आणि प्लायवूडचे पत्रे सरळ कापणे हेच मुख्य काम असेल, तर सात इंची गोल करवत घ्या. तिचे पाते लाकडाच्या खाली दाताएवढेच बाहेर राहील अशी खोली लावावी. जुने लाकूड मोडणे, फांद्या छाटणे असे ओबडधोबड काम असेल तर पुढे-मागे चालणारी लांब पात्याची करवत मिळते, पण तिने सुबक काम होत नाही. चेन सॉ ही झाडांची करवत, तिला घरकामात आणू नये. आणि साग, आंबा, चिंच अशी झाडे तोडायची तर महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नका.

घेताना दुकानात हातात धरून पाहा. वजन पेलते का, बटण बोटाशी येते का, वेग कमी-जास्त होतो का, ते बघा. पाती आणि कार्बन ब्रश तालुक्याला मिळतात का, ते विचारा. थोडे, मोठे दात असलेले पाते भराभर पण खरबरीत कापते. पुष्कळ, बारीक दातांचे सावकाश पण गुळगुळीत कापते. जिगसॉ आणि हाताची गोल करवत दोन्ही खालून वर कापतात, म्हणून फळीची चांगली बाजू खाली ठेवावी. बॅटरीवरचे यंत्र वीज नसलेल्या गोठ्यात सोयीचे, पण बॅटरी महाग असते. त्याच बॅटरीवर चालणारे ड्रिल घरात असेल तर ते परवडते.

आता जपायच्या गोष्टी. कापताना टोकाचा तुकडा मोकळा पडला पाहिजे. माझ्यासारखे दोन्ही टोकांना टेकू देऊन मध्ये कापू नका. जुन्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवा, मोडलेला खिळा सापडतो. पाते बदलताना प्लग काढून ठेवा. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत, खांद्यावरचा टॉवेल नको, लोंबता पदर नको. डोळ्यांना चष्मा लावा आणि नाकातोंडाला मास्क. लाकडाची धूळ बरी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली तिला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दोन तारांची वायर चालते, एरवी अर्थिंग हवेच. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की वीजदाब उतरतो, तेव्हा यंत्र रेटू नका, काम उद्यावर टाका.

जिगसॉ आणली आणि पहिले आठ दिवस सुतारमामांनी पुतण्याला जवळ बसवून शिकवले. खुराड्याची कमान त्याने कापली. गोठ्याच्या दाराच्या फळ्या त्यानेच कापल्या, जोडल्या मामांनी. मामांची मजुरी मी आधीच ठरवून दिली होती. यंत्र घरात आले म्हणून सुतार परका होत नाही. बिजागरी कुठे धरायची, हे यंत्राला कळत नाही.

दार बसले त्या संध्याकाळी वहिनींनी गुरे आत घेतली, कडी लावून पाहिली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "सरळ बसलंय हो, भाऊजी." त्या दिवशी माझ्या मनावरचे ओझे उतरले.

फरशी कटर अजून घरात आहे. न्हाणीची फरशी बसवताना तो कामाला आला. दातांचे पाते मात्र मी विळ्याची मूठ घालायला आलेल्या लोहाराला देऊन टाकले. तुम्ही दुकानात जाल तेव्हा खिशात पैशांबरोबर कामांचा कागद असू द्या.