कुरकुर

आमच्या मंडणगडात हेलिकॉप्टरचा आवाज आला की आजही माणसे अंगणात येतात. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, तेव्हा बुडालेल्यांच्या शोधासाठी हेलिकॉप्टरे नदीवर घिरट्या घालीत होती. तेव्हापासून तो आवाज मला निव्वळ कौतुकाने ऐकता येत नाही.

माझा भाचा जुहूला हेलिकॉप्टरांच्या देखभालीच्या कामावर आहे. परवा तो सुट्टीला आला. मराठीच्या मास्तराला यंत्रातले काय कळणार! तरी मी विचारले, "अरे, एवढे धूड उडते, त्याची नाडी तुम्ही पाहता तरी कुठे?"

"तेलात, मामा!"

इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते. डोक्यावरची पाती मात्र तीन-चारशेच. हा वेग उतरविते दातेरी चाकांची एक पेटी. इंजिने दोन असली तरी ही मुख्य पेटी एकच. चाके झिजली की त्यांचा कीस तेलात उतरतो. म्हणून तेलाच्या वाटेवर चुंबक बसवितात. त्याला चिकटलेला कण कोणत्या धातूचा, यावरून दुखणे कुठे आहे ते ताडतात. पेटीची कंपने टिपणारी उपकरणेही असतात. प्रत्येक चाकाची आपली एक लय असते. ती बिघडली की कळते.

"म्हणजे आपल्या गिरणीवाल्यासारखेच," भाजणीचा डबा उतरवीत सौ. म्हणाली. "पीठ तापून येऊ लागले की तो दगडाला टाकी लावतो."

भाचा हसला, मग गंभीर झाला. २००९ मध्ये स्कॉटलंडजवळच्या समुद्रात एक हेलिकॉप्टर कोसळून सोळा जण गेले. आठवडाभर आधी त्याच्या चुंबकावर एक कण सापडला होता. त्याचा खरा अर्थ वेळेवर उमगला नाही. २०१६ मध्ये नॉर्वेत तेरा जण गेले. तिथे तर चीर चाकाच्या पोटातच वाढत गेली आणि इशारा असा मिळालाच नाही.

"चुंबक स्वच्छ निघाला म्हणजे चाक धडधाकट, असे धरून चालत नाही, मामा."

सौ. चहा ठेवून आत वळली. वळताना तिने दाराची चौकट धरली. गणपतीपासून ती अशीच चौकट धरते आहे, हे मला त्या क्षणी आठवले. मी कधी विचारलेच नव्हते. कारण ती कधी कुरकुरली नव्हती. माझे मात्र एक शिंक आली तरी घरभर ऐकू जाते!

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. तेलात लोखंड सापडले की चाक आजारी. हिच्या रक्तात ते पुरेसे सापडेना! "औषधाने भरून येईल," डॉक्टर म्हणाले, "पण आणखी उशीर केला असता तर जड गेले असते."

यंदा चकल्यांचा सोऱ्या मी फिरविला. सौ. ने एक चकली मोडून तोंडात टाकली आणि नाक मुरडले. "मोहन कमी पडले हो!"

ही कुरकुर मला भारी गोड वाटली.